पोस्टमनसाठी शिट्टी

हिरो पडद्यावर आला की अख्खी जनता थिएटर डोक्यावर घ्यायची, आणि नेमके तेव्हाच आमचे अण्णा खिशातून रुमाल काढून चष्मा पुसत बसायचे. फुलं उडताहेत, कागदाचे कपटे उडताहेत, शेजारचा बाप्या खुर्चीवर चढून नाचतोय, आणि हे आपले निवांत! मग बऱ्याच वेळाने एखादा म्हातारा पोस्टमन सायकल भिंतीला टेकवून कुणाच्या तरी दारात उभा राहायचा. दोन वाक्यांचं काम, नट नेहमी तोच; पुढे तो कुठलंही काम करो, आमच्यासाठी तो पोस्टमनच. त्या क्षणी अण्णा दोन बोटं तोंडात घालून अशी काही शिट्टी मारायचे की पुढच्या रांगा माना वळवून बघायच्या. पहिल्यांदा मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

अण्णा म्हणजे माझे बंगळुरातल्या बसवनगुडीतले घरमालक. ते गेले त्याला आता वर्ष होईल. पुण्याहून नोकरीसाठी आले तेव्हा मी त्यांची वरची खोली भाड्याने घेतली. घराणं कित्येक पिढ्यांचं इथलंच. मराठी बोलायचे, पण 'थोडं'ला 'स्वल्प', 'आपला'ला 'नम्म', 'बरं'ला 'सरी' अशी कन्नड फोडणी दिल्याशिवाय नाही. बँकेतून निवृत्त झालेला माणूस, पण विचारलं तर सांगायचे, "बँक पोटाला होती गं. धंदा आपला प्रेक्षकाचा."

नटांच्या त्यांनी दोनच जाती केल्या होत्या: फुगलेले आणि दबलेले. माझा कॉलेजपासूनचा लाडका हिरो त्यांनी पहिल्याच आठवड्यात फुगलेल्यांत ढकलला. मी भांडले. का म्हणून? अण्णा म्हणाले, "त्याला जेवताना बघ." मी फणकाऱ्याने वर गेले आणि मोबाईलवर त्याचे सगळे जेवणाचे सीन काढून बसले. बाई गं! भात कालवतोय, रडतोय, आईला आठवतोय, ताटावरून उठतोय. एक घास तोंडात जाईल तर शपथ! आणि अण्णांचा तो पोस्टमन? एका सिनेमात हिरोची आई त्याला ओसरीवर वाटीभर उप्पीट देते. मागे हिरोचं रडणं चाललंय, आणि हा गृहस्थ शेवटचा घास बोटाने पुसून खातो. अर्ध्या मिनिटाच्या त्या कामात त्या माणसाची अख्खी गरिबी मला दिसली. इतकी वर्षं मी सिनेमात नेमकं काय बघत होते, देव जाणे.

सिनेमांचा निकाल ते पार्किंगमध्ये लावायचे. बाहेर पडल्या पडल्या लोक कुठे जेवायचं ते बोलायला लागले की चित्र फुगलेलं. "आणि कोणाला आपली स्कूटर सापडेना झाली, तर समज, चांगलं होतं." एकदा त्यांनाच त्यांची स्कूटर सापडेना. आम्ही दोघं बराच वेळ हिंडत होतो आणि अण्णा खुशीत होते.

पोस्टमन शहराच्या टोकाला, येलहंकेला राहतो, हे कोणीतरी मला ऑफिसात सांगितलं. मी म्हटलं, अण्णा, चला, भेटून येऊ. तर एकदम गंभीर झाले. "नको. भेटलं की ओळख होते. ओळखीच्या माणसाची स्तुती फुगलेली असते. नम्म पोस्टमनला निदान एक शिट्टी तरी खरी मिळू दे." असला हट्ट मी उभ्या जन्मात पाहिला नव्हता.

मग अण्णांना अर्धांगवायूचा झटका आला. हळूहळू बोलू लागले, पण तोंड एका बाजूला ओढलेलंच राहिलं आणि शिट्टी गेली ती गेलीच. त्यातच पोस्टमनचा नवा सिनेमा लागणार, आणि यानंतर तो काम सोडणार, अशी बातमी पेपरात आली. अण्णांना घास जाईना. "त्याची शेवटची एन्ट्री मुकी जाणार," एवढंच घोकत राहिले. शेवटी मीच म्हटलं, शिकवा मला.

खाटेवरून शिकवणी सुरू झाली. "ओठ दातांवर दुमड. जीभ आत. स्वल्प खाली फुंक." फुस्स! स्वयंपाकघरातून त्यांच्या बायकोचा, अक्कांचा, आवाज यायचा, "लग्नाची पोर आहे ती! वेड लागलंय का तुम्हाला?" माझे ओठ सोलून निघाले. तरी आलं काय, तर कुकरची शिट्टी होता होता राहावी तसं काहीतरी.

पहिल्या दिवशी सकाळच्या खेळाला, अण्णांच्या नेहमीच्या थिएटरात, मी एकटी गेले. हिरो आला, थिएटर फुटायचं राहिलं. मध्यंतरानंतर पडद्यावर औषधाच्या दुकानात गल्ल्यामागे तो म्हातारा दिसला. मी देवाचं नाव घेतलं आणि फुंकलं. वाजली! कापरी, बारीक, पण वाजली. लोक हसले. हसोत मेले.

खेळ सुटल्यावर दारापाशी माकडटोपी घातलेला एक म्हातारा माझ्यासमोर येऊन उभा राहिला. पोस्टमन! कन्नडमध्ये म्हणाला, "शिट्टी तुम्ही मारलीत ना? मी दर वेळी पहिल्या खेळाला मागे बसतो, दिवे लागायच्या आत निघून जातो. आज थांबलो. नेहमीचे शिट्टीवाले कुठे आहेत? बरे आहेत ना?"

माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. अण्णांचं तत्त्व गेलं खड्ड्यात, म्हटलं, आणि पोस्टमनना रिक्षात बसवलं.

अण्णांच्या खोलीच्या दारात ते येऊन उभे राहिले. खाटेवरच्या अण्णांनी बघितलं. मग त्यांचा चांगला हात हळूहळू वर गेला आणि दोन बोटं त्या वाकड्या तोंडात गेली. नुसती हवा. पण तो माणूस उंबऱ्यावरच थांबला, पाठ ताठ केली, आणि शिट्टी पूर्ण होईपर्यंत हलला नाही.

अक्कांनी उप्पीट आणलं. पोस्टमननी शेवटचा घासही बोटाने पुसून बशी स्वच्छ केली. अण्णा एकेक घास मोजावा तसे बघत होते. मग माझ्याकडे वळून रागाने म्हणाले, "कशाला आणलंस? आता ओळख झाली. यापुढे माझ्या शिट्टीला काय किंमत?" आणि ढसाढसा रडायला लागले.

मी माझ्या मोडक्या कन्नडमध्ये ते पोस्टमनला सांगितलं. त्यांनी बशी खाली ठेवली, खाटेच्या कडेवर बसून अण्णांचा हात हातात घेतला.

"आधीच्या सगळ्या शिट्ट्या माझ्याजवळ आहेत," ते म्हणाले. "तेव्हा कुठे ओळख होती?"

अण्णांनी डोळे पुसले. मग म्हणाले, "सरी."