खडूमास्तरांची सकाळची फेरी

अठ्ठावीस वर्षं त्या वर्कशॉपमध्ये कुठल्या मशीनवर कुठलं काम आधी लागायचं, हे एकच माणूस फळ्यावर लिहायचा. म्हणून त्याचं नावच पडलं खडूमास्तर. मास्तरांची रीत ठरलेली. सकाळी आठला लेथ, मग मिलिंग, मग ग्राइंडिंग, प्रत्येकापाशी थांबून विचारायचं, "काय रे, किती वेळ लागेल?" मग फळा भरायचा. तोवर मशीनला कुणी हात लावायचा नाही.

आता खरं सांगायचं तर वेळ विचारायला मिनिटभर पुरे. पण मिलिंगवाल्याचा गुडघा, लेथवाल्याच्या मुलीचं गणित, ही चौकशी कधी करायची? मास्तरांची बायको जाऊन चार वर्षं झालेली. मुलगा लांब, त्याचा फोन पंधरवड्यातून एकदा, तोही घाईचा. शनिवारी घरी आले की सोमवार उजाडेपर्यंत मास्तरांच्या तोंडून शब्द निघायचा नाही. बोलणार तरी कुणाशी, भिंतींशी?

कामं उशिरा जायला लागली, गिऱ्हाईकं कुरकुरली, तेव्हा मालकांनी भाचीला बोलावलं. मुलगी हुशार. तिनं अख्खं वर्कशॉप कॉम्प्युटरमध्ये उभं केलं. म्हणाली, "मास्तर, इथं कामं नुसती पळवून बघायची. कुठं रांग लागते, कुठलं मशीन रिकामं बसतं, सगळं दिसतं. मग क्रम बदलायचा."

सगळ्या वेळा मास्तरांनीच सांगितल्या, अगदी तोंडपाठ. पण गाडं अडलं. पडद्यावर जे काम गुरुवारी व्हायचं, ते प्रत्यक्षात शुक्रवारी.

"रोजचा वेळ कुठंतरी गळतोय," ती म्हणाली. "तुमच्याकडून काही सांगायचं राहिलंय का?"

मास्तरांच्या एकदम ध्यानात आलं. फेरी! ती त्यांनी मोजलीच नव्हती. ते काम आहे, असं त्यांना कधी वाटलंच नव्हतं. मशीनं जुनी झालीत म्हणाले असते तर पोरीनं मान डोलावली असती, फेरी वाचली असती. पण अठ्ठावीस वर्षांत फळ्यावर खोटा आकडा लिहिला नव्हता.

"पाऊण तास घाल," ते म्हणाले. "रोज सकाळचा. सगळी मशीनं बंद."

घातला, आणि पडद्यावरही शुक्रवार आला. काढला, तर गुरुवार. पोरीनं टाळीच वाजवली. मालकांनी मास्तरांची पाठ थोपटली, त्यांना काचेची केबिन दिली.

पुढच्या सोमवारी प्रत्येक मशीनपाशी कामांचा क्रम दाखवणारा छोटा पडदा लागला. आठच्या ठोक्याला कामं सुरू. मास्तर केबिनमध्ये दहा मिनिटं बसले, मग राहवेना म्हणून उठून मिलिंगपाशी जाऊन उभे राहिले.

मिलिंगवाल्यानं मशीनवरची नजर न काढता आवाज चढवून विचारलं, "काय मास्तर, काही काम होतं का?"

"नाही रे," मास्तर म्हणाले. "काम काही नाही."