श्रावण हाफ आणि सासऱ्याचा बँड

राजूरच्या एका कोळसा खाणीत श्रावण नावाचा माणूस नऊ-दहा वर्षं पगार घेऊन फुटबॉल खेळला आणि तेवढ्या काळात त्याने एकही गोल केला नाही. त्याला स्वतःला याचं काही वाटत नव्हतं. वाटत होतं ते त्याच्या सासऱ्याला.

छप्पन साली घरचे सगळे नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आले. परत आल्यावर श्रावणने बापाला सांगितलं, की आता गावकीची कामं बंद, मी खाणीत जातो. बाप म्हणाला, "जाय. पण रोज वर येत जाय." खाणीत त्याला कोळशाचे डबे ढकलायचं काम लागलं आणि तो बापाच्या सांगण्याप्रमाणे रोज वर येत राहिला.

खाणीचे मॅनेजर मुखर्जीसाहेब फुटबॉलवेडे होते. एक दिवस पाळी सुटल्यावर त्यांनी वर आलेल्या काळ्याकुट्ट माणसांना रांगेत उभं केलं आणि एकेकाच्या पायाशी चेंडू सोडला. ज्याने त्याने दिवसभराचा राग त्या चेंडूवर काढला. एकाचा चेंडू कँटीनच्या भज्यांच्या कढईजवळ पडला, एकाचा बाभळीत अडकला. श्रावणने मात्र चेंडू पायाखाली थांबवला, मान वळवून इकडेतिकडे पाहिलं आणि लांब उभ्या असलेल्या हिरासिंग नावाच्या सोबत्याच्या पायाशी अलगद सरकवून दिला.

साहेबांनी विचारलं, "तुमने मारा काहे नहीं?"

"साहेब, तो रिकामा उभा होता न."

साहेबांनी तोंडातली सिगारेट काढली आणि म्हणाले, "ये हमारा हाफ है."

पुढे गोल करणारे ते फॉरवर्ड, मागे अडवणारे ते बॅक, आणि या दोघांच्या मध्ये दिवसभर मरमर करणारा तो हाफ. मागच्यांकडून चेंडू घ्यायचा, पुढच्यांना द्यायचा, हरवला तर हिसकावून आणायचा आणि पुन्हा देऊन टाकायचा. आता अशा माणसाला मिडफिल्डर म्हणतात, तेव्हा नुसतं हाफ म्हणत. साहेबांनी श्रावणला खाणीतून काढून बत्तीघरात घातलं. सकाळी पाळीवर जाणाऱ्यांना दिवे वाटायचे आणि दुपारनंतर खेळायचं. वरून कंपनीचं दूध आणि अंडी. डबे ढकलणारे जुने सोबती दिवा घेताना त्याच्याकडे असे पाहत, की जणू ती अंडी त्यांच्या कोंबड्यांची होती.

मग लग्न ठरलं. मुलगी प्रभावती, आर्णीजवळच्या एका गावची. तिचे वडील नागोराव बँडपार्टीचे मालक. स्वतः क्लॅरिनेट वाजवत आणि पितळी गुंड्यांचा लाल कोट घालून असे चालत, की वरातीतले लोक आधी त्यांनाच नवरदेव समजत.

"जवाई काय काम करते?" त्यांनी मध्यस्थाला विचारलं.

"फुटबॉल खेळते."

"ते झालं. काम काय करते?"

"तेच काम हाये, नागोराव. त्याचाच पगार भेटते."

नागोरावांनी हे ऐकून बराच वेळ मिशी चोळली. मग त्यांना त्यातली शान दिसली, आणि आर्णीच्या बाजारात ते सांगू लागले, की कंपनी आपल्या जावयाला नुसत्या लाथा मारायचा पगार देते. कोणीतरी विचारलं, जवाई कोणत्या जागी खेळतो. नागोराव म्हणाले, हाफ. "हाफ म्हणजे अर्धा काय?" असं ऐकू आल्यावर त्यांनी त्या दिवसापासून जावयाला परस्पर बढती देऊन टाकली. "आमचा जवाई फुल खेळते," ते सांगत.

एकसष्टच्या हिवाळ्यात खाणीची टीम आर्णीला खेळायला आली. हा सामना नागोरावांनीच खटपट करून जमवला होता. टीम कोळशाच्या ट्रकमधून आली, अरुणावती नदीत अंघोळ करून माणसांत आली आणि मैदानावर उतरली. समोर आर्णीची पोरं आणि भरीला आखाड्यातले दोन पहिलवान. नागोरावांनी लाल कोटातला अख्खा बँड गोलच्या खांबाजवळ उभा केला आणि ढोलवाल्या बबनला बजावलं, "जवायानं गोल टाकला का वाजवाचं. दुसऱ्या कोणासाठी फुका हात चालवाचा नाही."

खेळ सुरू झाला. श्रावणने पहिलवानाच्या दोन पायांतून चेंडू काढला आणि किसनसिंगला दिला. किसनसिंग राजूरजवळच्या तांड्यावरचा, खाणीचा वाऱ्यासारखा पळणारा फॉरवर्ड. त्याने गोल केला. लोक ओरडले. बबनने काठी उचलली, नागोरावांनी डोळे वटारले, काठी खाली आली. थोड्या वेळाने पुन्हा तेच झालं, आणि मग आणखी एकदा. लोकांना वाटलं, बँड आर्णीच्या बाजूने आहे आणि शोकात आहे.

मध्यंतरात नागोराव सरळ मैदानात आले. "जवाईबापू, मानसं वाट पाहून राह्यली. तुमी सारं लोकाईलेच काहून देता?"

"मामाजी, माहं काम देन्याचंच हाये."

"देन्याचं काम पोरीच्या बापाचं. ते आमी लग्नात केलं. आता तुमी घ्या."

हे किसनसिंगने ऐकलं आणि टीमला सांगितलं, की आता गोल श्रावणच करणार. मग मोठी पंचाईत झाली. जो तो चेंडू श्रावणला देई आणि श्रावण तो परत करी. शेवटी किसनसिंग एकटा सगळ्यांना चकवत गोलपर्यंत गेला. आर्णीचा गोलकीपर झेपावून मातीत पडला. किसनसिंगने चेंडू रेषेच्या अलीकडे थांबवला, मागे सरकवला आणि धावत येणाऱ्या श्रावणला म्हणाला, "घे बाप्पा, नुसता पाय लाव."

समोर मोकळा गोल. शेजारी नागोराव, क्लॅरिनेट ओठात, गाल फुगलेले. श्रावणने पाय उचलला. तेवढ्यात डोळ्याच्या कोपऱ्यात त्याला हिरासिंग दिसला. हिरासिंग म्हणजे खाणीचा गोलकीपर. श्रावणचा गोल जवळून पाहावा म्हणून तो आपली जागा सोडून मैदानभर पळत आला होता आणि रिकामा उभा होता.

श्रावणने चेंडू त्याला दिला.

हिरासिंगने जन्मात गोल केला नव्हता. त्याने डोळे मिटून पाय फिरवला आणि चेंडू आत गेला. बबनला आता राहवेना. त्याने ढोल बडवला, बाकीचे सुरू झाले, आणि इतका वेळ गालात कोंडलेली हवा कुठेतरी जायलाच हवी म्हणून नागोरावांचं क्लॅरिनेटही वाजू लागलं. लोकांनी हिरासिंगला खांद्यावर घेतलं आणि आर्णीच्या बाजारातून मिरवलं. पुढे बँड, मागे श्रावण, सगळ्यांचे बूट सांभाळत.

"तुमी दिला काहून त्याले?" घरी प्रभावतीने विचारलं.

"रिकामा होता तो."

ती पदर तोंडाला लावून हसत सुटली. "बाबा पुसत होते, जवायाची नजर कमजोर हाये काय म्हनून."

नागोरावांनी त्यानंतर फुटबॉलचं नाव टाकलं. राजूरला आले तरी मैदानाकडे पाठ करून बसत.

चौसष्ट साली श्रावणचा गुडघा पिरगळला. नागोराव पाहायला आले. त्या दिवशी चांद्याकडच्या एका खाणीची टीम खेळायला आली होती. श्रावण घरी राहीना, म्हणून बाज मैदानाच्या कडेला टाकली आणि नाइलाजाने सासराही तिच्यावर टेकला. श्रावणच्या जागी साहेबांनी एक धिप्पाड गडी उभा केला होता.

खेळ पाहता पाहता नागोराव अस्वस्थ झाले. बॅक चेंडू मारत, तो समोरच्यांना मिळे. किसनसिंग कमरेवर हात ठेवून पुढे ताटकळत उभा. हिरासिंगच्या गोलात चेंडूंची रीघ लागली.

"मधात कोनी नाही काय?" नागोरावांनी विचारलं.

"हाये न. तो पाहा."

"तो उभा हाये. मी इचारलं, कोनी हाये काय." थोडं थांबून ते म्हणाले, "त्या किसनसिंगले कोनीच काहून देऊन नाही राह्यलं?"

नागोरावांनी जावयाच्या पट्टी बांधलेल्या गुडघ्याकडे पाहिलं. मग मैदानाकडे. मग पुन्हा गुडघ्याकडे.

"बँडात ढोल बंद पडला का क्लॅरिनेटवाला असाच उघडा पडते," ते हळूच म्हणाले. "मानसं नाव क्लॅरिनेटवाल्याचं घेतात, ते गोष्ट अलग."

खाणीची टीम दणदणीत हरली. नागोराव दुसऱ्या दिवशी जाणार होते, ते गेले नाहीत. आर्णीहून जवसाचं तेल मागवून ते रोज स्वतःच्या हाताने जावयाचा गुडघा चोळू लागले. सासऱ्याने पाय धरलेला पाहून श्रावण लाजेने अर्धा होई. दुखे तर इतकं, की डॉक्टरकडे परत जावंसं वाटे. पण नागोराव ऐकत नव्हते. लग्नसराई सुरू झाली, वराती अडल्या, तेव्हा कुठे त्यांनी तेलाची बाटली प्रभावतीच्या हवाली केली.

श्रावण पुढच्या हिवाळ्यात पुन्हा उतरला आणि सहासष्टपर्यंत खेळला. मग तोच गुडघा पुन्हा गेला आणि यावेळी कोणाच्याच तेलाला बधला नाही. मुखर्जीसाहेबांनी त्याला बत्तीघरात कायम ठेवलं. त्याच्या जागेसाठी माणूस शोधायला त्यांना फार दिवस लागले, आणि शेवटी त्यांनी एक फॉरवर्ड कमी करून तिथे दोघं उभे केले.