अक्काचा चेहरा स्क्रीनवर थांबला तेव्हा

माझी थोरली बहीण लातूरला एकटी राहते, मी नांदेडला. तिला आम्ही अक्का म्हणतो. दुपारची जेवणं झाली की आमचा व्हिडिओ कॉल ठरलेला. ती तिकडे भाजी निवडायची, मी इकडे. त्या उन्हाळ्यात आमच्या घरचं वायफाय फार त्रास देत होतं. बोलता बोलता चित्र अडकायचं, अक्काचा जबडा अर्धवट उघडा राहायचा आणि आम्हाला हसू यायचं. मग माझी खटपट सुरू व्हायची. राऊटर बंद करून थोडं थांबायचं, पुन्हा चालू करायचा, मागची वायर दाबून बघायची. फ्रिजच्या आड सिग्नल मरतो असं कोणी सांगितलं म्हणून राऊटर उचलून खिडकीत ठेवला. खिडकीत ऊन लागून तापायला लागला, तेव्हा परत आत आणला.

त्या दिवशी अक्का शेवग्याच्या शेंगा सोलत होती. फोन तिनं समोर डब्याला टेकवला होता.

"लई उकडून राहिलंय गं आज," ती म्हणाली. "सकाळपासनं हातच उचलत न्हाई..."

आणि चेहरा थांबला. तोंड थोडं वाकडं, नजर फोनच्या वर कुठंतरी.

"अडकलीस गं अक्का!" मी हसले. "थांब, या डबड्याकडं बघते."

राऊटरचे दिवे हिरवेच होते, पण माझा त्यांच्यावर भरवसा उरला नव्हता. मी वायर काढून घट्ट बसवली. अँटेना वाकवल्या. बाहेरच्या खोलीत आमचे हे मोबाईलवर बातम्या बघत होते, त्यांना ओरडून सांगितलं, "अहो, जरा बंद करा ते, नेट पुरत नाही." त्यांनी बंद केलं. फोन घेऊन मी राऊटरच्या अगदी जवळ जाऊन उभी राहिले. चेहरा तसाच. आता शेवटचा उपाय. राऊटर बंद करायला मी भिंतीवरच्या बटणाला हात लावला.

तेवढ्यात फोनमधून कुकरची शिट्टी ऐकू आली. लांब, खणखणीत, मध्ये कुठंही न तुटलेली.

माझ्या घरी कुकर लावलेला नव्हता. मी स्क्रीनकडे बघितलं. अक्काच्या मागे ओट्यावर वाफेचा लोट वर चढत होता. वाफ हलत होती. चित्र चालू होतं.

थांबली होती ती अक्का.

हात बटणावरून कधी खाली आला मला आठवत नाही. "अक्का! अक्का, माझ्याकडं बघ!" मी किंचाळले. तिची एक पापणी लवली. हातातली शेंग गळून पडली आणि ती हळूच भिंतीकडे कलली.

हे धावत आले. कॉल तोडायची माझी छाती होईना. यांच्याच फोनवरून मी अक्काच्या शेजारच्या भाभींना लावला. भाभी शिवणकाम करतात, घरीच असतात.

"भाभी, अक्काकडं जा! आत्ता! तिला काहीतरी झालंय!"

"या अल्ला! घाबरू नका बाई, मी निघाले."

त्यानंतर मी जे बघितलं ते माझ्या घरात उभं राहून बघितलं, हात पोचत नसताना. स्क्रीनच्या कडेला गजांचा दरवाजा दिसत होता. भाभींनी गजातून हात घालून आतली कडी काढली. आत आल्या आल्या त्यांनी गॅस बंद केला आणि अक्काचं तोंड दोन्ही तळव्यांत धरलं. "आपा, बोला ना! आपा!" मग माणसं जमली, फोन आडवा झाला आणि मला नुसतं छत दिसत राहिलं. खालून आवाज येत होते. त्यांत अक्काचा नव्हता.

आम्ही लोहा, अहमदपूर करत लातूर गाठलं. भाभींनी तोवर तिला दवाखान्यात नेलं होतं. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, मेंदूत रक्ताची गुठळी अडकली होती, वेळेत आणलं म्हणून औषध देता आलं. मी मान हलवली, पण डोळ्यांपुढं ते भिंतीवरचं बटणच होतं. ते दाबलं असतं तर कॉल तुटला असता. पुन्हा लावल्यावर तिनं उचलला नसता, आणि मी समजले असते, झोपली असेल दुपारची.

अक्काला शब्द सापडायला बरेच दिवस लागले. एकदा मी तिला भात भरवत होते, तर ती अडखळत म्हणाली, "तू... हसलीस. मला ऐकू येत होतं."

माझा हात तसाच राहिला.

"सगळं?"

"हाव. हाक मारत होते तुला. तोंडातून न्हाई निघत."

मला रडू फुटलं. तिनं डाव्या हातानं ताट स्वतःकडं ओढलं आणि सांडत सांडत स्वतःच जेवायला लागली. उजव्या हातात अजून पुरती ताकद आलेली नाही. नांदेडला येऊन राहा म्हटलं तर ऐकत नाही. भाभी रोज संध्याकाळी तिला गल्लीच्या टोकापर्यंत चालवून आणतात, आणि ती वाटेत दिसेल त्याच्याशी थांबून बोलते.