गोलातलं गोलात

बायकांच्या तुरुंगात मी मावशींच्या हाताखाली पहाऱ्याला होते. मावशींचा आवाज असा, की त्यांनी एकीला "गप" म्हटलं की पलीकडची बराक जागी व्हायची. पण अंगझडतीआधी त्या पडदा ओढायच्या आणि "हात लावते गं" असं सांगायच्या. हे शिकवणारं प्रशिक्षण वरून आलं, ते पुष्कळ नंतर.

त्या प्रशिक्षणातून 'गोल' निघाला. बायकांना पुरुषांच्या मापाने वागवायचं नाही, बोलतं करायचं. दर आठवड्याला सतरंजीवर गोल करून बसायचं, सोबत समुपदेशक मॅडम. मोठ्या मॅडमनी, म्हणजे आमच्या अधीक्षकांनी, सगळ्यांसमोर शब्द दिला, "गोलातलं गोलातच राहील." तरी कुणी तोंड उघडेना. शेवटी मावशीच बराकीबराकीतून फिरल्या. "बोला गं. मी आहे."

शिवणकामावर एक होती. तिची लहान मुलगी तिच्याजवळच वाढत होती आणि दिवसभर मावशींच्या कडेवर असायची. "माय मरो, मावशी जगो," म्हणून बायका चिडवायच्या, आईसुद्धा हसायची. मावशींच्या भरवशावर ती गोलात बोलली. पोर झोपू देत नाही, कंबर मोडून जाते. "वाटतं, एखाद दिवशी गळाच दाबावा मेलीचा!"

सगळ्या खळखळून हसल्या. कुठली आई असं म्हणत नाही? माझी तर जेवायला वाढता वाढता म्हणायची.

समुपदेशक मॅडम हसल्या नाहीत. आठवड्याच्या आत हुकूम आला: आईपासून मुलीच्या जिवाला धोका, रवानगी बालगृहात.

मावशी तडक मोठ्या मॅडमकडे गेल्या, मी मागोमाग.

"मॅडम, शब्द दिला होता तुम्ही."

"उद्या काही झालं तर कोण निस्तरणार?"

"अहो, बोलायची पद्धत आहे ती!"

"मुलगी तुमच्याकडे रडत नाही ना? मग गाडीपर्यंत तुम्हीच न्या. सगळं संवेदनशीलपणे व्हायला हवं."

संवेदनशील! गळा दाबीन म्हणणारीवर आळ, आणि केसाने गळा कापणारे मोकळे. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मावशी मात्र खाली बघत बाहेर आल्या.

फिरायला निघालो असं समजून पोर मावशींच्या कडेवर टाळ्या वाजवत गेली. मावशी रिकाम्या हातांनी परतल्या, तेव्हा आई जाळी धरून उभी होती.

"रडली?"

"नाही गं."

"मग झालं तुमचं काम."