अर्थिंगला पाणी

"पाजलं का?"

गल्लीच्या तोंडाशी सायकलची घंटी वाजायची आणि तिच्यामागून हा प्रश्न यायचा. नमस्कार नाही, कशी आहेस नाही. नव्या माणसाला वाटावं, या घरी गाय बांधलेली आहे आणि हे तिच्या पाण्याची चौकशी करताहेत. मी खिडकीतून ओरडायची, "पाजलं काका, सकाळीच!" मग ते मान हलवून पुढे जायचे.

काका म्हणजे नागपुरात जरीपटक्यातले आमचे कूलरवाले काका. त्यांना नाव होतं, पण ते कुणी वापरत नसे. मार्च लागला की कूलरच्या गवताच्या ताट्या बदलायला, पंप बसवायला सगळ्यांना तेच हवे असत. तुमच्याही मोहल्ल्यात असा एखादा असेल, बघा. उन्हाळ्याआधी सगळे त्याला शोधतात आणि पाऊस लागला की विसरतात.

त्यांची आणखी एक खोड होती. लोखंडाच्या कुठल्याही वस्तूला ते सरळ हात लावत नसत. आधी टेस्टर, मग बोटांची मागची बाजू. फाटक असो, फ्रिज असो, नळ असो. "सरळ हात लावला का करंट पकडते वं. उलटा लावला तर फेकते." ही सवय इतकी मुरली होती की चहाचा कपही ते आधी उलट्या बोटांनी चाचपायचे. मी एकदा म्हटलं, "काका, कपात करंट नाही." तर म्हणाले, "साखर तरी कुठं आहे?"

करंटची माझी भीती मात्र त्यांच्या ओळखीच्या आधीची आहे.

मी कन्हानची. बाबा कोळशाच्या खाणीवर ठेकेदाराकडे लोडिंगला होते. एक खोली आणि पाच माणसं. जिथे सतरंजी पसरली ती झोपायची खोली. उन्हाळ्यात आई चादर भिजवून दाराला टांगायची. समोरच्या घरी कूलर आला तेव्हा मी नऊ वर्षांची होते. गल्लीतली सगळी पोरं हवा खायला तिथे जमायची. एका दुपारी त्या घरचं दीड वर्षाचं पोरगं आंघोळ करून ओल्या अंगाने पळालं आणि त्याने कूलरची कड धरली. ते रडलं नाही. मला तेच आठवतं. रडण्याचा आवाज आला नाही, म्हणून आमच्यापैकी कुणी वळूनही पाहिलं नाही.

पुढे मी शिकले. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. बीएस्सी, फिजिक्स घेऊन. लग्न होऊन जरीपटक्यात आले, तळमजल्यावर भाड्याच्या दोन खोल्या. आमची मुलगी रेवा दीड वर्षाची झाली, नेमक्या त्या पोराच्या वयाची. ठरवलं, आतली खोली तिची करायची. आम्हाला मिळाली नाही तशी.

फोनवर वाचून वाचून केली. पडू नये म्हणून गादी जमिनीवर. कपाटाच्या कोपऱ्यांना फोम. खालच्या सॉकेटांना प्लास्टिकची झाकणं. कपाट अंगावर येऊ नये म्हणून भिंतीला स्क्रूने पक्कं. खिडकीला जाळी. भिंतीला पिवळा रंग. खोली बघायला शेजारच्या बायका आल्या तेव्हा मी एकेक वस्तू दाखवत उभी होते, प्रदर्शनात उभं राहतात तशी. तरी दर पाच मिनिटांनी उठून रेवाच्या नाकाशी बोट धरायची.

ऊन वाढलं. बाहेरचा स्टँड गंजून मोडला होता, म्हणून आमच्या ह्यांनी कूलर खोलीतच ठेवला, गादीच्या पायथ्याशी. रेवाला तो फार आवडला. जाळीला तोंड लावून ती "आऽऽ" करायची आणि आवाज थरथरत परत आला की खिदळायची. मी त्याचा व्हिडिओ काढला आणि आईला पाठवला.

तिसऱ्या दिवशी काका ताट्या बदलायला आले. दारातच थांबले. कूलर चालू होता.

"पोट्टीले उचल पहिले."

"काहून काका?"

"उचल म्हटलं ना!"

मी उचललं. काकांनी टेस्टर कूलरच्या पत्र्याला लावला. टेस्टरमधला इवलासा दिवा पेटला. लाल, साबुदाण्याएवढा. मी रेवाला इतकं घट्ट धरलं की ती रडायला लागली, आणि ती रडली याचंच मला बरं वाटलं.

काकांनी पिन ओढून काढली आणि माझ्यासमोर धरली. तीन दांड्यांच्या पिनेला दोनच दांड्या होत्या.

"तिसरी कोणं काढली?"

मी काढली होती. मागच्या उन्हाळ्यात बोर्डाचं वरचं मोठं भोक बुजलं होतं, पिन जाईना. पकड घेतली आणि दांडी उपटून टाकली. तिला अर्थची पिन म्हणतात हे मला माहीत होतं. परीक्षेत आकृती काढून मार्क घेतले होते.

"किती शिकली वं तू?"

"बीएस्सी."

"बाप्पा!" एवढंच म्हणाले. शिव्या दिल्या असत्या तर सोपं गेलं असतं.

मग ते साठीतले गृहस्थ गुडघ्यांवर बसले आणि खोलीभर रांगू लागले. रेवाचं रडं थांबलं. ती माझ्या हातून सुटून त्यांच्या पाठीवर चढली, आणि तिला पाठीवर घेऊनच त्यांनी माझी खोली तपासली.

"उभ्या माणसाले खोली दिसतच नाही वं. खाली ये."

मीही गुडघ्यांवर आले. पडद्याची दोरी लोंबत होती, रेवाच्या गळ्याच्या उंचीवर. गादी आणि भिंतीमध्ये वीतभर फट होती. "इथं तोंड फसते." सगळ्यात खालचा खण उघडला तर कपड्यांत डांबराच्या गोळ्या. काकांनी एक तळहातावर घेतली. "हे पेपरमिंट कोणासाठी ठेवलं?"

मला हसूही येईना. ते गेल्यावर मी तो व्हिडिओ पुन्हा पाहिला. समोरची जाळी प्लास्टिकची, पायाखालची गादी कोरडी, म्हणून ती वाचली होती. तिची बोटं जाळीच्या टोकाशी. पत्र्यापासून एक इंच. मी व्हिडिओ थांबवून ते एक इंच कितीतरी वेळ बघत बसले. आई मात्र तो पाहून फोनवर म्हणाली होती, "किती गोड गाऊन राहिली वं!"

दुसऱ्या दिवशी काका नवीन वायर, नवी पिन, नवा पंप घेऊन आले. मीटरपाशी गेले आणि डोक्याला हात लावून परतले. पत्र्यात उतरलेला करंट जमिनीत नेणारं अर्थिंगच घराला नव्हतं. जुनी तार मातीत कुठेतरी तुटून गेली होती. घरमालक म्हणाले, "आमच्या घरी तीस वर्षांत काही झालं नाही."

"तीस वर्षं नशीब होतं म्हणा साहेब. आता तार टाकू."

आंगणात खड्डा खणला. त्यात तांब्याची पट्टी, मग मीठ आणि कोळसा. मी म्हटलं, "कोळसा तर आमच्या घरचाच धंदा."

"खाणीतला नोको. लाकडाचा पाहिजे. फिजिक्सवाली!"

पहिल्यांदा हसले. मग खड्ड्यात बघत, मी न विचारता, म्हणाले, "मी बी दोन पिनांवर लय कूलर बसवले पहिले. लोक म्हणत, चालून राहिला ना, मंग झालं. एका घरी पोट्टं चिकटलं. माझ्या हातचाच होता तो कूलर."

"वाचलं?"

काकांनी मिठाची पिशवी माझ्याकडे सरकवली. "मीठ तू टाक. पोट्टी तुझी आहे."

मी टाकलं. मूठ मूठ करून पूर्ण पिशवी.

कूलर नव्या स्टँडवर खिडकीच्या बाहेर गेला, गादी समोरच्या भिंतीला. "हवा दुरून बी लागते." कूलरमध्ये पाणी टाकताना नुसतं बटण बंद करायचं नाही, पिन काढायची, हे त्यांनी माझ्याकडून तीनदा म्हणवून घेतलं. आणि उन्हाळ्यात अर्थिंगच्या खड्ड्यात बादलीभर पाणी. माती सुकली तर करंट खाली जाणार कसा?

मी म्हटलं, "काका, तरी भेव वाटते मले. रोज."

"मंग रोज पिन पाहत जा."

तेव्हापासून तो प्रश्न सुरू झाला. "पाजलं का?" रेवा बोलायला लागली तशी तीच उत्तर द्यायची, "पादलं!" आणि सगळी गल्ली हसायची. काका सायकल थांबवून तिच्या गालाला हात लावायचे. उलटा.

या मार्चमध्ये फोन केला तर त्यांच्या मुलीने उचलला. काका दिवाळीच्या आधी गेले. माझ्या तोंडून निघून गेलं, "करंटने?"

"नाही ताई. झोपेत."

कूलर लावायला दुसरा माणूस आला. चांगला आहे, चटपटीत आहे. त्याने पत्र्यावर सरळ तळहात ठेवला आणि मी किंचाळले. तो दचकला. मीटर लावून करंट तपासला, सगळं ठीक होतं. तो गेल्यावर मी दार लावून गुडघ्यांवर बसले आणि खोलीभर रांगून आले. कपाटाखाली फ्रॉकचं एक सुटं बटण सापडलं. ते उचललं.

रविवारी आम्ही दोघी आंगणात पाणी टाकतो. माझी बादली, तिचा मग. खड्डा ते पाणी घटाघटा पितो.

रेवा आता चार वर्षांची आहे. तिला तिची स्वतःची खोली आहे. त्या खोलीत तिला आजवर काही झालेलं नाही.