कोपऱ्यावरचा होंगे

राजाजीनगरात आमच्या घराकडून शाळेकडे वळताना कोपऱ्यावर एक करंज आहे. इथले कानडी लोक त्याला होंगे म्हणतात, आणि पिढ्यान्‌पिढ्या इथेच राहिलेले आम्हीही तेच म्हणतो. पाडव्याच्या सुमारास तो फुलला की खाली फुलांचा सडा पडायचा आणि वर मधमाश्यांची गुणगुण दिवसभर चालायची. लहानपणी मला त्याचं काडीचं कौतुक नव्हतं. मला शाळेत सोडायला निघालेली आई तिथे हटकून थांबायची. माझं दप्तर खांद्याला अडकवून, डोळे मिटून खुशाल उभी! मी तिचा पदर ओढायची, पाय आपटायची.

"स्वल्प थांब की गं. देव बोलतोय."

"मधमाश्या आहेत त्या! शाळेत प्रार्थना सुरू होईल!"

"होऊ दे की. मी इथं काय वेगळं करतेय?"

घरातली पूजा ती एक डोळा दुधावर ठेवून उरकायची. निवांतपणा मिळायचा तो त्या झाडाखालीच. तिथून निघताना तिचा चेहरा असा निवलेला असायचा, की त्या दिवशी संध्याकाळीसुद्धा मला ओरडा बसायचा नाही. ती सकाळची वाट मला आता फार आठवते.

गेल्या वर्षी आईचे कान गेले. मशीन आणलं, तर "यात नुसत्या बसगाड्या ओरडतात" म्हणून तिनं ते डबीत ठेवून दिलं. मग हळूहळू पूजाही सोडली. विचारलं तर म्हणाली, "तो माझ्याशी बोलेनासा झालाय. मी एकटीनं किती बडबडू?" स्वस्थ बसणं माझ्या स्वभावातच नाही. मी डॉक्टर बदलले, मशीन बदललं. उपयोग शून्य.

यंदा पाडवा झाल्यावर आम्ही दवाखान्यातून परतत होतो. ऑटो कोपऱ्यावरच सोडली. ऊन चढलं होतं, म्हणून मी तिचा हात धरून भराभरा घराकडे निघाले, आणि वरून ती गुणगुण ऐकू आली. इतकी वर्षं याच झाडाखालून मी स्कूटर दामटली होती, पण कधी कान दिला नव्हता. पाय आपोआप थांबले, डोळे मिटले. डोक्यातले डॉक्टर, औषधं, सगळं कुठल्या कुठे गेलं. कुणीतरी अगदी जवळ येऊन बसल्यासारखं वाटलं.

डोळे उघडले तर आई माझ्याकडेच बघत होती. मला एकदम चोरट्यासारखं झालं. तिच्या हक्काचं होतं ते मला मिळालं होतं, आणि ती कोरडीच उभी होती. मी खुणेनं म्हटलं, चल.

ती जागची हलली नाही. "स्वल्प थांब. बोलतोय तो."

मी तोंड तिच्यासमोर नेऊन सावकाश विचारलं, "तुला ऐकू येतंय?"

"नाही गं. पण तू थांबलीस ना!"

तिनं माझ्या हातातली औषधांची पिशवी घेतली, खांद्याला अडकवली आणि डोळे मिटले.