पंचफुलाबाईंच्या चाळीस कोंबड्या

पंचफुलाबाई शिरसाट लग्नानंतर मॅट्रिक झाल्या आणि १९६१ साली अकोल्याबाहेरच्या सरकारी कुक्कुटपालन केंद्रावर नोकरीला लागल्या. दर महिन्याला अमरावतीच्या कचेरीत एक छापील इंग्रजी तक्ता पाठवावा लागे. त्यातला शेऱ्याचा रकाना आधीचे लोक कोराच सोडत. बाईंना ते पटेना. मॅट्रिक होऊन रकाना कोरा? त्यांनी ठळक अक्षरात लिहिलं, ‘ऑल फॉर्टी हेन्स आर लाइंग.’ चाळीसही कोंबड्या अंडी घालताहेत, असं त्यांना म्हणायचं होतं.

अमरावतीच्या महादेवराव साहेबांनी वाचलं, की चाळीसही कोंबड्या आडव्या पडल्यात. म्हणजे कोंबड्यांच्या मानमोडी रोगाची साथ! दुसऱ्याच दिवशी जनावरांचे डॉक्टर नत्थुजी बर्फात ठेवलेली लस आणि खड्डा खणायला दोन माणसं घेऊन हजर झाले.

“मेल्या किती?”

“मराले काय झालं त्याईले? सकायीच सदतीस अंडे देल्ले!”

डॉक्टरांनी तक्ता पुढे धरला. “बाई, लाय म्हंजे सोताच आडवं होनं. त्याले कर्म लागत नाई. ले म्हंजे काईतरी ठेवनं, घालनं. काय घातलं? अंडं. तुमाले लेइंग लिवाचं होतं.”

“पन लाय म्हंजे खोटं बोलनं ना?”

“ते बी होते.”

“म्हंजे मी साह्यबाले लिवलं, का कोंबड्या लबाड हायेत?”

“तसंबी वाचता येते,” डॉक्टर म्हणाले.

खड्डेवाल्यांना चहा पाजून बाईंनी वाटेला लावलं आणि घरी जाऊन व्याकरणाचं पुस्तक काढलं. त्यात निघालं, की पडण्याच्या लायचा भूतकाळ होतो ‘ले’च! नवरा डोमाजी म्हणाला, “हे भाषा बनवनाऱ्याले कोंबडीनं चोच मारली होती काय?”

पुढच्या महिन्यात राखणीचा कुत्रा झोपला आणि मुंगूस आत शिरलं. बाईंनी लिहिलं, ‘द डॉग ले ॲट द गेट ऑल डे.’ कुत्रा दिवसभर फाटकात पडून होता. यावर साहेबांची तांबड्या शाईतली विचारणा आली, ‘कुत्र्याने काय घातले? संख्या कळवावी.’

बाईंनी उत्तरात पुस्तकातल्या पानाचा नंबर तेवढा कळवला.

महिना गेला. मग साहेबांचा शिपाई लिफाफा घेऊन आला. आत वरिष्ठांना पाठवायच्या इंग्रजी पत्राचा मसुदा होता आणि कोपऱ्यात पेन्सिलीनं मराठीत, ‘सवडीने पाहून द्यावे.’

बाईंनी सात चुका दुरुस्त केल्या आणि शिपायाला सांगितलं, “साह्यबाले म्हना, पत्र झ्याक जमलं.”